गेम स्टुडिओत इंटर्नशिप: सीएस-आयटीवाल्या पोरापोरींनी सुरुवात कुठून करायची

दर वर्षी सबमिशन संपली की ज्युनियर्सचे मेसेज सुरू होतात, "ताई, गेमिंगमधे इंटर्नशिप पाहिजे, काय करू?" आणि मी दर वेळी तेच तेच टाइप करत बसते, म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी मूळची सांगलीची, इंजिनियरिंगला पुण्यात आले, कॉम्प्युटर ब्रँच, आणि शेवटच्या सेमला सहा महिने एका मोबाइल गेम स्टुडिओत गेमप्ले प्रोग्रामिंगची इंटर्न होते. पंचवीस-तीस लोकांचा स्टुडिओ होता, नाव सांगणार नाही कारण खाली थोडी रडगाणी पण आहेत.

माझ्या रेझ्युमेवर सहा प्रोजेक्ट होते. त्यातले पाच अर्धवट. एक ओपन वर्ल्ड (हो, हसा), एक मल्टिप्लेयर शूटर ज्यात एकच प्लेयर होता, असले. सहावा होता लगोरीचा एक फुटकळ गेम, सात दगड, एक चेंडू, तीन लेव्हल, बस. इंटरव्ह्यू पंचेचाळीस मिनिटं चालला आणि त्यातली तीस-पस्तीस मिनिटं तरी फक्त लगोरीवर गेली, कारण तो एकच गेम त्यांनी आधी उघडून खेळलेला होता. बाकीचे पाच खेळण्यासारखे नव्हतेच. तर खाली जे काही सांगतेय ते सगळं फिरून या लगोरीवरच येणार आहे.

पायरी १: "गेमिंग कंपनी" म्हणजे नक्की कुठली, ते बघा

हा घोळ भरपूर जणांचा होतो. जॉब पोर्टलवर गेमिंग टाकलं की पूर्वी निम्म्या जागा रमी, पोकर, फँटसी क्रिकेटवाल्यांच्या निघायच्या. ऑगस्ट २०२५ मधे केंद्रानं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या गेम्सवर बंदी आली, तेव्हा त्या बाजूचे बरेच लोक एका झटक्यात घरी बसले. त्यामुळे कंपनीचं नाव दिसलं की आधी एवढंच तपासा की ही कंपनी पैसे कशावर कमावते. गेम विकून, गेममधल्या वस्तू विकून, जाहिरातीतून, का दुसऱ्या स्टुडिओचं काम करून? कंपनीच्या साइटवर पाच मिनिटं घालवली तरी कळतं.

आपल्याकडं खरे व्हिडिओ गेम बनवणारे कमी आहेत असं वाटतं, पण अगदीच नाहीत असं नाही. पुण्यात युबिसॉफ्टचा मोठा स्टुडिओ आहे, तो आधी गेमलॉफ्टचा होता, २००८ ला युबिसॉफ्टकडं आला, मुंबईचा त्यांनी २०१८ ला सुरू केला. 'राजी' हा गेम २०२० मधे आला तो पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा, छोटी टीम, अनरीयल या इंजिनवर (गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर) केलेला. 'मास्कगन' आणि २०२४ मधे आलेला 'इंडस' करणारे सुपरगेमिंग पण पुण्याचेच. बंगळुरूला रॉकस्टार, झिंगा, मूनफ्रॉग, हैद्राबादला ईए. रॉकस्टारचं बंगळुरूचं काम वाढलं ते २०१९ मधे त्यांनी ध्रुव इंटरअॅक्टिव्ह विकत घेतल्यावर, आणि ध्रुव १९९७ पासूनची, म्हणजे आपल्यातले बरेच जण जन्मायच्या आधीपासून इथं लोक गेमचं काम करतायत. हे मी एवढ्यासाठी सांगतेय की घरी "हे असलं काही आपल्याकडं नसतं" असं कुणी म्हणालं तर चार नावं तोंडावर पाहिजेत. माझ्या आत्यानं अजून सगळ्यांना "ती आयटीत आहे" असंच सांगितलंय, असू दे.

मोठ्या स्टुडिओत इंटर्नला एक छोटा कोपरा मिळतो पण तो नीट शिकवतात, रिव्ह्यू कडक असतो. छोट्या स्टुडिओत तिसऱ्या दिवशी तुमचा कोड खऱ्या प्लेयरच्या फोनवर जाऊ शकतो आणि शिकवायला कुणाला वेळ नसतो. मला दुसरं मिळालं. पहिल्यांदा जाणाऱ्याला कुठलं चांगलं असं विचाराल तर माझं मत, जिथं एक तरी सिनियर तुमचा कोड रोज बघणार असेल तिथं जा, मग कंपनी केवढी का असेना. इंटरव्ह्यूत हे सरळ विचारता येतं, "माझा कोड कोण रिव्ह्यू करणार?" उत्तर द्यायला समोरचा अडखळला तर समजून जा.

पायरी २: काम कुठलं मागायचं

सगळ्यांना गेमप्ले प्रोग्रामर व्हायचं असतं. म्हणजे उडी, मार, गोळी. पण स्टुडिओत प्रोग्रामरची इतर कामं पण असतात आणि तिथं रांग कमी असते. टूल्स, म्हणजे आर्टिस्ट आणि डिझायनर लोकांना लागणारी बटणं, खिडक्या, इंपोर्टर लिहायचे. बॅकएंड, म्हणजे लॉगिन, लीडरबोर्ड, मॅचमेकिंग, आणि हे तर आपण कॉलेजात शिकतो तेच सर्व्हर-डेटाबेसचं काम आहे. बिल्डवाले, जे रोज रात्री अँड्रॉइड-आयओएसचे बिल्ड (फोनवर टाकायची तयार गेम) आपोआप तयार होतील असं बघतात, आणि बिल्ड फुटला की अख्खा स्टुडिओ ज्यांच्या डेस्कभोवती जमतो ते. ग्राफिक्स-इंजिनवाले, त्यांना गणित पक्कं लागतं. आणि क्यूए, टेस्टिंग. क्यूएला लोक उगाच खाली बघतात, मी ज्या दोन क्यूएवाल्यांबरोबर काम केलं त्यांना गेम कुठं फुटणार हे आमच्या लीडपेक्षा आधी कळायचं.

तुमचा डीबीएमएस, नेटवर्क चांगला असेल तर सरळ बॅकएंड किंवा टूल्ससाठी अर्ज करा. आत गेल्यावर पुढचं बघता येतं.

पायरी ३: शिकायचं काय, आणि किती

इंजिन एकच घ्या. मोबाइलकडं जायचं तर युनिटी आणि सी शार्प, पीसी-कन्सोलकडं जायचं तर अनरीयल आणि सी प्लस प्लस. गोडो पण मस्त आहे, पूर्ण फुकट, ओपन सोर्स, लॅपटॉप रडका असेल तर तोच घ्या. मात्र इंजिनच्या प्रेमात पडू नका. सप्टेंबर २०२३ मधे युनिटीनं प्रत्येक इन्स्टॉलमागं पैसे घ्यायची घोषणा केली होती तेव्हा जगभर एवढी बोंब झाली की वर्षभरानं त्यांना ती फी रद्द करायला लागली, आणि त्या वर्षात कितीतरी लोकांनी इंजिन बदलली. ज्यांना मुळातलं येत होतं त्यांना बदलणं जमलं, ज्यांना फक्त कुठलं बटण कुठंय एवढंच पाठ होतं ते अडकले.

मुळातलं म्हणजे काय, तर तीन गोष्टी सांगते ज्या मला खरंच रोज लागल्या.

पहिली, फ्रेम. गेम ६० एफपीएसनं, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं (फ्रेम) दाखवत चालवायचा तर एका फ्रेमला १६.६ मिलिसेकंद मिळतात, ३० ला ३३.३, आणि त्यात सगळं बसवायचं, इनपुट, फिजिक्स, शत्रूची अक्कल, चित्र काढणं, सगळं. हे एकदा डोक्यात बसलं की मग प्रत्येक लूपकडं बघायची नजरच बदलते. आणि हालचाल कायम डेल्टा टाइमनं, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळानं गुणायची. माझ्या पहिल्या गेममधे ते नव्हतं, माझ्या लॅपटॉपवर गाडी झकास पळायची, आतेभावाच्या जुन्या फोनवर लावली तर बैलगाडी. फोन निम्म्या एफपीएसनं चालत होता म्हणून गाडी पण निम्म्या वेगानं. तो म्हणाला, "तुझा गेम दमलाय."

दुसरी, व्हेक्टर. बारावीत डॉट प्रॉडक्ट पाठ करून पेपर दिला आणि विसरलो, बरोबर? शत्रूला प्लेयर दिसतोय का नाही हे त्यानंच ठरवतात. शत्रूचं तोंड ज्या दिशेला आहे तो व्हेक्टर आणि शत्रूपासून प्लेयरकडं जाणारा व्हेक्टर, दोन्ही लांबी एक करून घ्यायचे, डॉट घ्यायचा. शून्याच्या वर आला तर प्लेयर समोर, खाली आला तर पाठीमागं. नजर एकूण ९० अंशांची ठेवायची असेल तर दोन्ही बाजूंना ४५, आणि कॉस ४५ म्हणजे ०.७०७, तर डॉट त्याच्या वर असला की दिसला. एका ओळीचा कोड आहे. मला हे इंटरव्ह्यूत विचारलं आणि नंतर कामात पण आलं.

तिसरी, मेमरी. मोबाइलवर सतत नवीन ऑब्जेक्ट बनवून फेकून दिले की गार्बेज कलेक्टर मधेच येऊन झाडू मारायला लागतो आणि गेम झटका खातो. म्हणून गोळ्या, नाणी, स्फोट असलं जे वारंवार लागतं ते आधीच बनवून ठेवायचं, वापरायचं, लपवायचं, परत वापरायचं, याला ऑब्जेक्ट पूलिंग म्हणतात. लग्नातल्या भाड्याच्या खुर्च्यांसारखं, पंगत उठली की त्याच खुर्च्या पुढच्या पंगतीला.

डीएसए (डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम) सोडू नका पण. बऱ्याच ठिकाणी पहिली चाळणी ऑनलाइन कोडिंग टेस्टचीच असते.

पायरी ४: एक गेम पूर्ण करा, लाज वाटेल एवढा लहान

इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळे इथंच अडकतात.

लगोरी मी का घेतली तर नियम सगळ्यांना माहिती, आर्ट काही लागत नाही, आणि मला वाटलं की दोन दिवसात होईल. सात चपटे दगड एकावर एक ठेवले, प्ले दाबलं, आणि कुणी चेंडू मारायच्या आधीच लगोरी थरथरायला लागली आणि चार सेकंदांत स्वतःच पडली. आठवडा गेला त्यात. फिजिक्स इंजिन प्रत्येक दगड कशावर कसा टेकलाय याचं गणित थोडं थोडं करून सोडवत असतं, सात दगडांचा ढीग म्हणजे सात ठिकाणी छोट्या छोट्या चुका साचतात. युनिटीत डीफॉल्ट सहा वेळा सोडवतं, तो आकडा मी वाढवला, दगड जरा रुंद केले, आणि पहिला चेंडू सुटेपर्यंत दगडांना झोपवून ठेवलं, म्हणजे त्यांचं फिजिक्स थांबवून ठेवलं. मग उभी राहिली.

मग दुसरं. जोरात मारलेला चेंडू दगडातून आरपार! दगडाला काहीच नाही, चेंडू पलीकडं. हिशोब करून बघितला तेव्हा पेटली ट्यूब, युनिटीत फिजिक्स डीफॉल्टला सेकंदाला ५० वेळा चालतं, म्हणजे दर ०.०२ सेकंदांनी, माझा चेंडू सेकंदाला ३० मीटर, म्हणजे एका पावलात ६० सेंटिमीटर, आणि माझा दगड १० सेंटिमीटरचा. चेंडू एका क्षणी दगडाच्या अलीकडं होता आणि पुढच्या क्षणी पलीकडं, मधे तो कधी नव्हताच. याला टनेलिंग म्हणतात, चेंडूच्या सेटिंगमधे कंटिन्युअस कोलिजन केलं की सुटतं.

या दोन गोष्टींवरच इंटरव्ह्यूवाल्यांनी मला अर्धा तास धरलं. "अडकलात कुठं, कसं शोधलंत, आधी काय करून बघितलं" हेच. ट्युटोरियल बघून केलेल्या गेममधे तुम्ही अडकलेलेच नसता, त्यामुळे सांगायला काही नसतं.

गेम पूर्ण झाला कधी म्हणायचं? माझी कसोटी: सुरुवातीचा मेनू आहे, पॉज होतो, आवाज बंद करता येतो, हरल्यावर परत खेळता येतो, आणि तुमचा नसलेल्या फोनवर चालतो. एवढं करायला, खरं सांगते, गेम बनवण्यापेक्षा जास्त वेळ गेला. पॉज मेनूत तर दोन दिवस, कारण पॉज केल्यावर पण चेंडूचा आवाज चालूच राहायचा.

आणि मग तो गेम अनोळखी माणसाच्या हातात द्या आणि गप्प बसा. सगळ्यात अवघड म्हणजे ते गप्प बसणं. मी मेसच्या काकूंच्या मुलाला दिला, सातवीतला पोरगा. चेंडू फेकायला बोट ओढायचं होतं, तो नुसता स्क्रीनवर टकटक करत राहिला, काही होईना, माझ्याकडं बघितलं, मी सांगणार तेवढ्यात स्वतःला थांबवलं. पोरानं अर्ध्या मिनिटात फोन परत दिला, "ताई बिघडलाय हा." त्या रात्री मी सुरुवातीला एक ओढणारा हात दाखवला आणि टकटक केली तरी हळू चेंडू जाईल असं केलं. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं फोन परत मिळाला नाही.

टाकायचा कुठं? इच डॉट आयओवर, फुकट आहे, आणि ब्राउझरमधे चालेल असा वेब बिल्ड टाका. एचआरवाली किंवा लीड तुमची एपीके (अँड्रॉइडवर इन्स्टॉल करायची फाइल) डाउनलोड करून, अनोळखी अॅपला परवानगी देऊन खेळेल ही आशा सोडा. प्ले स्टोअरला २५ डॉलर एकदाच भरायचे असतात, आणि नवीन वैयक्तिक अकाउंट असेल तर १२ टेस्टरनी सलग १४ दिवस टेस्ट करायला लागतं, त्यामुळे हॉस्टेलमधल्या बारा जणांना चहा पाजायची तयारी असेल तरच. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाला प्रत्येक गेममागं १०० डॉलर लागतात, इंटर्नशिपसाठी तर त्याची अजिबात गरज नाही.

पायरी ५: एक तरी गेम जॅम करा

जॅम म्हणजे ठरलेल्या वेळात, बहुतेक ४८ तासात, दिलेल्या विषयावर गेम बनवायचा. ग्लोबल गेम जॅम २००९ पासून दर जानेवारीच्या शेवटाला असतो, लुडम डेअर तर २००२ पासून. ऑनलाइन घरबसल्या करता येतात. एकट्यानं करू नका. डिझाईन कॉलेजातली किंवा फाइन आर्टची एखादी दोस्त पकडा, कारण आर्टिस्टबरोबर काम कसं करायचं हे आपल्या सिलॅबसमधे कुठंच नाही आणि स्टुडिओत तेच रोज आहे. आर्टिस्ट मिळालीच नाही तर केनी या साइटवरचे फुकट असेट (तयार चित्रं, मॉडेल) वापरा, लायसन्सची कटकट नाही. गूगल इमेजवरून उचललेली चित्रं मात्र नकोत, ते रेझ्युमेवर फार वाईट दिसतं.

पायरी ६: गिट

कोडमधला प्रत्येक बदल साठवून ठेवणारं टूल म्हणजे गिट. छोटी पायरी, पण इथं फजिती ठरलेली. युनिटीचा लायब्ररी फोल्डर कमिट करायचा (गिटमधे साठवायचा) नाही, तो आपोआप बनतो आणि कित्येक जीबी होतो, त्यासाठी गिटइग्नोरची तयार फाइल मिळते. मेटा फाइली मात्र कमिट करायच्याच, नाहीतर दुसऱ्याच्या मशीनवर सगळे रेफरन्स तुटतात आणि गुलाबी गुलाबी मॉडेल दिसायला लागतात. गिटहब १०० एमबीच्या वरची फाइल घेत नाही, मोठ्या फाइलींसाठी गिटचंच एलएफएस (लार्ज फाइल स्टोरेज) लावा. मोठे स्टुडिओ गिटऐवजी परफोर्स वापरतात, त्यात एकजण फाइल लॉक करतो आणि बाकीचे थांबतात असं चालतं, चित्रं-मॉडेल मर्ज होत नाहीत म्हणून. नाव आणि कल्पना माहीत असली तरी पुरे.

पायरी ७: रेझ्युमे, अर्ज, आणि फसवणूक

रेझ्युमे एका पानाचा. वर गेमची लिंक, प्रत्येक गेमखाली दोन ओळी, आणि त्या दोन ओळीत तुम्ही काय केलंत ते, टीमनं काय केलं ते नाही. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जोडा, त्यात पहिल्या सेकंदाला गेम दिसला पाहिजे, तुमच्या नावाचा फिरणारा लोगो नको. "पॅशनेट गेमर" लिहू नका, प्लीज. अर्धवट प्रोजेक्ट काढून टाका, मी ठेवले होते आणि इंटरव्ह्यूत एकानं "हा मल्टिप्लेयर दाखवता का?" विचारल्यावर मला कुठं तोंड लपवू झालं.

टीपीओच्या (कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसरच्या) भरवशावर राहू नका. कॅम्पसला गेम स्टुडिओ येतात ते फार थोड्या कॉलेजात. स्टुडिओच्या स्वतःच्या साइटवरचं करिअर पान, लिंक्डइन, आणि जॅममधे ओळख झालेली माणसं, माझं जमलं ते तिसऱ्यानं. कमीत कमी चार-पाच महिने आधी सुरू करा, आणि कॉलेजला त्याआधी विचारा की पूर्ण सेम बाहेर राहायला एनओसी देतात का, काही ठिकाणी एचओडी ऐनवेळी अटेंडन्स काढून बसतात.

लिंक्डइनवर मेसेज करताना "सर एनी ओपनिंग" नको. मी लिहिलं होतं की तुमच्या अमुक गेममधे बारीक स्क्रीनच्या फोनवर दुकानाचं बटण कापलं जातं, स्क्रीनशॉट जोडलाय, मी असं असं शिकतेय, इंटर्न घेता का. उत्तर आलं. बग सापडलेला कुणालाही आवडतो, फक्त भाषा नम्र ठेवा.

फसवणुकीचं पण ऐका. इंटर्नशिपसाठी पैसे मागितले की ती इंटर्नशिप नाही, तो क्लास आहे. "ट्रेनिंग फी", "सर्टिफिकेट चार्ज", "रिफंडेबल डिपॉझिट", नाव काही असू दे. दुसरा प्रकार म्हणजे टेस्ट असाइनमेंटच्या नावाखाली फुकट काम. एका ठिकाणी मला इन-अॅप खरेदी, जाहिराती आणि दैनिक बक्षीस असलेला पूर्ण गेम आठवड्यात करून मागितला होता, पगाराचा पत्ता नाही, मी दोन रात्री जागले पण, मग रूममेट म्हणाली, "अगं हा तर विकता येईल असा गेम आहे," तेव्हा अक्कल आली. चार-सहा तासांत होणारी टेस्ट ठीक, त्याच्या पुढं विचारा.

पायरी ८: इंटरव्ह्यू

वर सांगितलेलं सगळं विचारतात, शिवाय सी प्लस प्लस असेल तर पॉइंटर, व्हर्च्युअल फंक्शन, स्टॅक आणि हीप. एक प्रश्न हमखास असतो, आमचा कुठला गेम खेळलात आणि त्यात काय बदलाल? म्हणून जायच्या आधी त्यांचा गेम किमान दोन-तीन तास खेळा. "ग्राफिक्स अजून छान पाहिजेत" हे उत्तर नाही. "तिसऱ्या लेव्हलला एकदम अवघड होतं आणि तिथं मला काय चुकतंय ते कळत नव्हतं" हे उत्तर आहे. येत नसेल तर येत नाही म्हणा, पण पुढं "मी असं शोधलं असतं" हे जोडा. मला क्वाटर्नियन (वस्तू कशी फिरलीय ते चार आकड्यांत लिहायची पद्धत) विचारलं, मी म्हणाले आतलं गणित येत नाही पण ऑयलर कोनांनी फिरवताना दोन अक्ष एकावर एक येऊन अडकतात म्हणून वापरतात एवढं माहितीये. चाललं त्यांना.

पायरी ९: आत गेल्यावर

पहिला दिवस प्रोजेक्ट डाउनलोड होण्यात जातो. खरंच. दुसरा तो उघडत का नाही हे शोधण्यात. घाबरायचं नाही, जे जे करून तो चालला ते लिहून ठेवा आणि पुढच्या इंटर्नसाठी एक पान बनवून द्या, माझं पहिलं कौतुक त्या पानाचं झालं, कोडचं नाही.

मग बग मिळतात. माझा पहिला बग: लोडिंग चालू असताना फोन आला की गेम परत आल्यावर काळा पडदा. माझ्याकडं काही होईना, तीन दिवस. क्यूएवाल्यानं मला शेजारी बसवलं आणि दाखवलं की कॉल घ्यायचा नाही, नुसता वाजू द्यायचा, आणि लोडिंगची पट्टी पुढं सरकत असतानाच. मी प्रत्येक वेळी कॉल उचलत होते! तेव्हापासून कुठल्याही बगच्या तिकिटात नक्की काय काय केल्यावर होतं हे वाचल्याशिवाय मी कोड उघडत नाही, आणि तिकिटात ते नसेल तर जाऊन विचारते. मेसेज नाही, जाऊन.

विचारायचं कधी? माझा नियम पाऊण तासाचा होता. पाऊण तास स्वतः, मग जे जे करून बघितलं त्याची यादी घेऊन सिनियरकडं. नुसतं "होत नाहीये" म्हणून गेलात तर त्याचा पण वेळ जातो आणि तुमची इज्जत पण.

दुसऱ्या महिन्यात मला कळलं की आमची लेव्हल डिझायनर नाण्यांच्या जागा एक्सेलमधून एक एक आकडा बघून इंजिनमधे टाकते, एका लेव्हलला अर्धा दिवस. मी तिला विचारून एक बटण लिहिलं, शीट द्यायची, नाणी आपोआप लागतात. दीडशे ओळी असतील. पहिल्या व्हर्जनमधे मी तिला न विचारता तिच्या कॉलमची नावं बदलायला लावली होती, तिनं ते दोन दिवस वापरलं आणि परत हातानं करायला लागली, काही बोलली पण नाही. मग मी तिच्या शेजारी बसून ती कसं काम करते ते बघितलं, तिच्याच शीटवर चालेल असं केलं, आणि मग ते बटण सगळ्यांनी वापरलं. मेसच्या पोराच्या वेळी जे शिकले होते तेच परत शिकले म्हणायचं.

उशिरापर्यंत थांबायचं प्रकरण पण आहे. रिलीजच्या आधी आमच्याकडं दोन आठवडे रात्री अकरा-साडेअकरा होत होते, पीएमटीच्या बस तोवर बंद, कॅबचे पैसे मिळायला महिना लागला. इंटर्ननं थांबलंच पाहिजे असं कुणी तोंडानं म्हणत नव्हतं, पण सगळे बसलेत आणि आपण कसं उठायचं असं होतं. मी चौथ्या दिवसापासून संध्याकाळी साडेसातला निघायला लागले, लीडला आधीच सांगून. काही झालं नाही. पहिले तीन दिवस उगाच बसले.

आणि पर्मनंटचं गृहीत धरू नका. ही इंडस्ट्री वर-खाली होते, जानेवारी २०२४ मधे एकट्या मायक्रोसॉफ्टनं गेमिंगमधल्या १,९०० लोकांना काढलं, आणि इथल्या छोट्या स्टुडिओत तर पुढचं काम येईल का नाही यावर पीपीओ (इंटर्नशिपनंतरची नोकरीची ऑफर) अवलंबून असतो. चौथ्या महिन्यात सरळ विचारा आणि आयटीचे अर्ज चालू ठेवा, त्यात गद्दारी वगैरे काही नाही.

पायरी १०: एनडीए आणि कॉलेजचा रिपोर्ट

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. जॉइन करताना एनडीएवर सही केली, म्हणजे न आलेल्या गेमचं नाव, चित्र, कोड बाहेर दाखवायचं नाही. आणि कॉलेजला इंटर्नशिपच्या रिपोर्टमधे पाहिजे काय? स्क्रीनशॉट, कोड, आणि मॉड्यूलची आकृती. गाइड ऐकायला तयार नाहीत, स्टुडिओ द्यायला तयार नाही, ओरल दहा दिवसांवर.

तुम्ही असं करा. पहिल्याच आठवड्यात मॅनेजरला सांगा की शेवटी रिपोर्ट द्यायचाय, काय लिहिलेलं चालेल ते दोन परिच्छेदात ईमेलवर मंजूर करून द्या. रोज काय शिकलात ते डायरीत लिहा, गेमचं नाव न घेता, "एका लेव्हल टूलवर काम केलं" एवढंच. आकृत्या स्वतः नव्यानं काढा. आणि जिथं कोड दाखवायलाच लागतो तिथं तीच कल्पना स्वतःच्या गेमवर करून दाखवा. मी शीट वाचून नाणी लावणारं बटण परत पहिल्यापासून लिहिलं, लगोरीसाठी, नाण्यांच्या जागी दगड. एक्स्टर्नलनी ओरलमधे लॅपटॉप स्वतःकडं ओढला, दोन वेळा चेंडू मारला, दोन्ही नेम चुकले, आणि विचारलं, "यात जोर कमी कसा करायचा?"

अनुभव प्रमाणपत्रावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख, सही, शिक्का आणि तुमच्या कामाचं नाव हे सगळं शेवटच्या दिवशी लॅपटॉप परत द्यायच्या आधी बघून घ्या. माझ्या प्रमाणपत्रावर शेवटची तारीख चुकली होती, ती दुरुस्त करून घ्यायला मी सांगलीहून परत पुण्याला आले.